जात्याच्या तळ्या आणि नावेची मोटार

मामा,

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आणि त्यातलंही बरंचसं वर्ष धाकट्या भावाला मांडीवर घेऊन गेलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे माझ्या चुका तुम्हाला दिसायच्या नाहीत, हे मला कळतं. तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. चुकलंमाकलं पोटात घाला.

लिहायला जड जातं त्याचं कारण अक्षर नाही. सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, पण मी तुम्हाला एकदाही समोरून ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. आत्याबाई होत्या तोवर आपलं बोलणं सासूच्या तोंडून इकडून तिकडं जायचं. त्या गेल्या आणि घरात मी, तुम्ही आणि हे, एवढीच माणसं उरली. हे दिवसभर नदीवर. मग तुम्हीच युक्ती काढलीत. दारातल्या शेळीकडं बघून म्हणालात, “ठके, तुझ्या मालकिणीला इचार, भाकरी झाल्या का.”

मी पदर तोंडाला लावून हसले आणि ठकीलाच म्हणाले, “ठके, झाल्यात म्हणावं. बसा.”

त्या दिवसापासून ठकीनं आपल्या दोघांचं सगळं ऐकलं. मिठाचं, पाहुण्यांचं, पुराचं, मोटारीचं. आता ठकी दारात आहे आणि तुमचा घोंगडीचा कोपरा रिकामा आहे. म्हणून लिहिते.

मी नदीकाठची नव्हे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझे अप्पा गडहिंग्लजच्या बाजारात दोर विकायचे. तुम्ही नावेसाठी दोर घ्यायला आलात, दोराला हात लावून बघितलात आणि दोराबरोबर सूनही ठरवून आलात, असं आत्याबाई चेष्टेनं म्हणायच्या. लग्न होऊन आले तेव्हा कृष्णा ओलांडून आले. नावेच्या फळीला मी अशी धरून बसले होते की पलीकडं गेल्यावर आत्याबाईंना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. तुम्ही पाठमोरे होतात. म्हणालात, “फळी मोडू नको म्हणावं तिला. नवीच बसवलीया.”

सगळे हसले. मीही हसले. पण ती बोटं अजून पुरती सुटलेली नाहीत, मामा.

आपल्या नदीची गंमत अशी की पाणी कमी असतं तेव्हा नाव कुणाला नको असते, आणि पाणी चढलं की सगळ्यांना हवी असते. वाडीला दत्ताच्या देवळात पूर शिरतो, पाणी पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात अंघोळ करायला गावोगावची माणसं येतात. नदी सगळ्यात जास्त माजलेली असते, नेमक्या त्याच दिवशी आपल्या घाटावर पलीकडं जाणाऱ्यांची रांग लागते. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सायकलवाले. “सोडा की मालक, दत्ताच्या दारात जाताना काय हुतंय,” असं म्हणत नावेत पाय टाकणारे.

आत्याबाई गेल्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुराच्या ओढीनं तुमची नाव खाली नेली. माणसं उतरवून तुम्ही दोघं रिकामी नाव परत आणत होतात, म्हणून निभावलं. मी घाटावर उभी होते. नाव आडवी झाली, वळणापाशी बाभळींच्या मागं गेली आणि दिसेनाशी झाली. मी ओरडलेसुद्धा नाही. तोंडच उघडलं नाही. दिवस कलला तेव्हा तुम्ही दोघं खालच्या गावाकडून चिखल तुडवत चालत आलात. हे हसत होते. खांद्यावर वल्हं आणि हसत होते. गावातल्या पोरांना सांगत होते, “नदीनं फुकट फिरवून आणलं.”

तुम्ही चूळ भरलीत, ठकीजवळ बसलात, आणि हे चावडीकडं गेल्याचं बघून हळूच म्हणालात, “ठके, सांग तिला. भ्या वाटलं म्हणून रडू नको म्हणावं. मला बी वाटतंय. रोज वाटतंय. नावंत पाय ठेवताना वाटतंय.”

मी चुलीपुढं होते. फुंकणी तशीच हातात राहिली.

“ज्याला भ्या वाटतंय त्योच माणसं मोजून घेतोय,” तुम्ही म्हणालात. मग आवाज आणखी खाली आणून, “आणि ह्या पोराला भ्या वाटत न्हाय. मला त्याचं भ्या वाटतंय. पन हे त्याला सांगू नको म्हणावं.”

मी ठकीला म्हणाले, “न्हाय सांगत म्हणावं.” आणि आजपर्यंत सांगितलं नाही.

नावेच्या बाजूला तुम्ही चुन्याची रेघ मारली होती, पुढून मागपर्यंत. रेघ ओली झाली की पुढचं माणूस घ्यायचं नाही. कुणी कितीही पुढारी असो. एकदा मामलेदार कचेरीतल्या कारकुनाला तुम्ही घाटावर ठेवलंत आणि त्याच्या आधी आलेल्या कोडोलीच्या एका म्हातारीला घेतलंत. तो चिडला तर म्हणालात, “सायेब, मी न्हाय, रेघ न्हाय म्हणत्या.” ह्यांना ती रेघ आवडायची नाही. रेघेपायी गिऱ्हाईक जातं, असं त्यांचं म्हणणं.

मग मोटारीचं निघालं.

लढाईत वापरलेल्या मालाचा मुंबईला लिलाव झाला होता. त्यातल्या नावेच्या मोटारी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका शेठनं आणल्या होत्या. हे बघून आले आणि भाकरी पुढ्यात घेऊन बोलतच राहिले. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी ओढायची, पाण्यात पंखा फिरतो आणि नाव पळते. वल्हं नको, बांबू नको. पाच घोड्यांची एक आणि बावीस घोड्यांची एक. किमतीत फार फरक नाही, मोठीला गिऱ्हाईक नाही म्हणून शेठ स्वस्तात काढतो आहे.

“मोठीच घ्यायची,” हे म्हणाले. “पुराच्या ओढीला पाच घोडी काय करनार?”

तुम्ही म्हणालात, “पाटलाच्या मळ्यात पाच घोड्यांचं इंजन हाय. त्ये नदी उचलून टेकावर नेऊन टाकतंय. मला नदी उचलायची न्हाय. वरनं जायचंय.”

“आबा, त्ये पानी उपसायचं इंजन. ह्ये निराळं.”

“घोडं म्हंजे घोडं. पानी उपसू दे, न्हायतर टांगा वडू दे.”

“बरं, टांग्याचंच बोलू. चढ आला आणि घोडं कमी पडलं तर?”

“आणि घोडी जादा झाली आणि टांग्याची धुरी मोडली तर?”

मी आत बसून ऐकत होते. तुमचं इंजिनाचं गणित बरोबर नव्हतं, हे मला पुढं कोल्हापुरातल्या एका मिस्त्रीच्या बोलण्यावरून समजलं. पाणी उपसणं वेगळं आणि नाव ढकलणं वेगळं, ह्यांचंच खरं होतं. पण त्या दिवशी मला गणिताचं काही नव्हतं. मला दोन्हींची भीती वाटत होती. लहान घेतली आणि पुरात कमी पडली तर नाव बाभळींच्या मागं जाणार. मोठी घेतली तर काय होईल ते मला दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्याची भीती जास्त असते.

मोटार घ्यायची हे मात्र तुमच्या मनात आलं होतं. तुमचे खांदे वल्ह्याला नाही म्हणू लागले होते, खांद्यांना तेल लावायला तुम्ही वाटी मागायचात त्यावरून मला कळायचं. एके दिवशी आत्याबाईंच्या पाटल्या मोडल्यात. रुमालात पैसे बांधून ह्यांच्याबरोबर एस्टीनं कोल्हापूरला गेलात.

तिथं तुम्ही काय केलंत ते ह्यांनी मला चिडून सांगितलं. शेठ घोड्यांचं सांगत होता, लढाईतल्या साहेबांचं सांगत होता, आणि तुम्ही फेटा सोडून बाजूला ठेवलात आणि दोन्ही मोटारी एकामागून एक मुलासारख्या कवेत उचलून बघितल्यात. लहान घेऊन दुकानात फिरलात. मोठी उचलताना गुडघे वाकले. दुकानातले नोकर हसले. शेठ म्हणाला, “आजोबा, ही खांद्यावर घेऊन जायची नसते.” तुम्ही म्हणालात, “नावंनं तर घेऊन जायाची असत्या न्हवं?”

घरी आलात आणि ह्यांना पैसे देऊन सांगितलंत, “धाकटी आण.” हे गेले आणि आत्याबाईंच्या पाटल्यांचे सगळे पैसे मोठीचा इसार म्हणून देऊन आले. उरलेली रक्कम मोटार चालवून फेडायची. घेतली नाही तर इसार बुडाला, ही बाजाराची रीत.

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. मी ताट घेऊन दाराआड उभी होते. तुम्ही नुसतं विचारलंत, “पाटल्यांचं सगळं?”

“सगळं,” हे म्हणाले. पण मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी ठकीला सांगितलंत, “तिला म्हणावं, आज दळू नको. जातं पायजे.” जात्याच्या दोन्ही तळ्या, वरचा दगड आणि खालचा, तुम्ही एकेक करून घाटावर नेल्यात. मी मागून रिकामी घागर घेऊन आले, जणू पाण्यालाच चालले होते. वरची तळी तुम्ही उचललीत आणि डोळे मिटून उभे राहिलात. “ही धाकटी,” म्हणालात. मग दोन्ही तळ्या दोरात बांधून उचलल्यात, त्यात आणखी एक धोंडा बांधला, पुन्हा उचललंत. “ही थोरली.” तुमच्या हातांनी दुकानातलं वजन तसंच घरी आणलं होतं.

ते ओझं नावेच्या मागच्या फळीला टांगलंत. मोटार चालवणारा मागंच बसणार, म्हणून ह्यांना मागं बसवलंत. पेट्रोलच्या डब्याऐवजी पाण्याची घागर मागितलीत. माझीच घागर. मी ती भरून काठावर ठेवली आणि मागं सरले.

एकही उतारू नव्हतं, आणि मागच्या बाजूला चुन्याची रेघ पाण्याखाली गेली होती. पुढचं टोक वर आलं होतं, पाणी पिऊन मान उचललेल्या बदकासारखं.

तुम्ही रेघेकडं बोट केलंत.

हे म्हणाले, “आबा, धोंडा नाव ढकलत न्हाय. मोटार ढकलत्या. नाव पळाय लागली की आपोआप वर येत्या. मी मुंबईच्या मानसाकडनं ऐकलंय.”

“आणि थांबल्यावर?”

“थांबल्यावर थांबली.”

तुम्ही हसलात. “थांबल्यावर थांबली,” असं स्वतःशीच म्हणत तळ्या सोडल्यात. वाद तिथंच राहिला. मला वाटलं, उद्या पुन्हा निघेल. संध्याकाळी मी ठकीला विचारलं, “ठके, इचार, मोटार मग आनायचीच का.” तुम्ही बराच वेळ ठकीच्या मानेवर हात फिरवत बसलात. म्हणालात, “पाच घोड्यांना जिथं जमत न्हाय, तिथं आपलं काम न्हाय, एवढंच मला कळतंय. त्ये त्याला कसं सांगायचं, त्ये कळत न्हाय.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही अंथरुणावर पडलात.

मामा, जन्मभर पुराची भीती बाळगलीत आणि गेलात ते भर वैशाखात. नदीत गुडघ्याएवढं पाणी होतं. लोक म्हशी चालवत पलीकडं नेत होते. तुमची नाव वाळूत उलटी पडली होती, तिच्या सावलीत कुत्री झोपायची. वैद्यानं नाडी बघितली आणि ह्यांना बाहेर बोलावलं. मी पाण्याचा पेला घेऊन आले. आपण दोघंच होतो. ठकी बाहेर बांधलेली होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. माझ्याकडंच, सरळ. ओठ हलले. मी तशीच उभी राहिले, पदर सारखा करत. मी ‘काय मामा’ एवढं म्हणाले असते तर तुम्ही सांगितलं असतं काय, कुणास ठाऊक. पण मी दाराकडं बघितलं, ठकी दिसते का म्हणून. पुन्हा तुमच्याकडं बघितलं तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, आणि ते उघडले नाहीत.

ते काय होतं, याचा विचार भाकरी थापताना येतो. मोटारीचंच असेल, असं मी धरून चालले आहे.

तुमचं दिवसकार्य झालं. ज्येष्ठात वरच्या डोंगरातलं पाणी येऊन नदी तांबडी झाली. उलटी नाव सरळ झाली. आणि हे मोठी मोटार घेऊन आले. शेठनं इसारावर दिली होती, बाकीची रक्कम पूर आणि जत्रा झाल्यावर. मोटार अंगणात घोंगडीवर ठेवली होती, तुमच्याच घोंगडीवर. ठकी तिचा वास घेऊन लांब गेली.

“उद्या मानसं घेऊनच काढतो,” हे म्हणाले. “लोकांस्नी बघू दे.”

तुमचा आवाज आता घरात नव्हता. रेघ दाखवणारं बोट नव्हतं. गावातल्या ह्यांच्या चुलत्यांना सांगावं तर ते मोटार बघून ह्यांच्याहून खूश. सकाळी मी एवढंच म्हणाले, “पहिल्या खेपेला मानसं नकोत, मीच बसते.”

ह्यांना हसू आलं. “तू? नावंत?”

“पुढं वजन पायजे. मामांनी दाखवलं होतं की.”

वरची तळी मी पोटाशी धरून नेली आणि नावेच्या पुढच्या टोकाला ठेवली. तिच्याशेजारी बसले. अप्पांच्या हातचा दोर, तुम्ही गडहिंग्लजहून आणून नावेला बांधलेला, त्याचं टोक मी मनगटाला गुंडाळून घेतलं. धैर्य म्हणून नव्हे. काहीतरी धरायला हवं होतं.

ह्यांनी दोरी ओढली. दोनदा नुसती खोकली, मग असा आवाज झाला की काठावरचे बगळे उडाले. नाव पुढून वर झाली. मी आणि तळी असूनही वर झाली. मला समोर पाणी दिसेना, नुसतं आभाळ दिसत होतं. मागं वळून बघितलं तर हे जणू खड्ड्यात बसले होते आणि त्यांच्या पाठीमागं पाण्याचा बांध चालत येत होता. नाव पळत होती म्हणून तो मागं होता. हे मोठ्यानं हसत होते. त्यांचं हसणं मला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

पलीकडं न थांबता वळसा घेऊन ते परत घाटाकडं आले. घाटावर माणसं जमली होती. त्यांच्यापुढं ऐटीत थांबायचं म्हणून ह्यांनी काठाजवळ येऊन एकदम मोटार बंद केली.

नाव थांबली, मामा. तो बांध थांबला नाही.

तो मागून आला आणि फळीवरून सरळ आत आला. ह्यांच्या मांडीवर, डब्यावर, मोटारीवर. आवाजसुद्धा फार झाला नाही, घागर ओतावी तसा. नाव मागून खाली बसली. मी कधी उडी मारली ते मला आठवत नाही. छातीएवढ्या पाण्यात उभी होते आणि मनगटाचा दोर ओढत होते. पाय चिखलात, तोंडात गढूळ पाणी. दोन बाप्ये पुढं आले, दोर धरला, आणि नाव काठाला लागली. मोटार फळीला तशीच लटकत होती, निम्मी पाण्यात.

नाव रिकामी होती. काठ दोन हातांवर होता. दक्षिणद्वाराच्या दिवशी म्हाताऱ्या आणि पोरं भरलेली असती आणि नदी मधे असती, तर मी आज कुणाला लिहीत बसले असते?

हे काठावर बसले. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, “काय मालक, बावीस घोडी पान्यावर आली व्हय?” हे हसले नाहीत. मी शेजारी बसले. माझे दात वाजत होते.

“थांबल्यावर,” ते म्हणाले. “आबा इचारत हुते, थांबल्यावर काय.”

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मला भ्या वाटलं गं.”

मामा, तुमचं गणित चुकलं होतं, पण भीती बरोबर होती. ह्यांचं ते वाक्य तुमच्या कानावर पडायला हवं होतं. तुम्हाला वाटत असलेलं भय ह्यांच्यात आलं आहे. मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं, असं म्हटलं तर कुणी वेडी म्हणेल.

मोटार पुसली, मिस्त्रीकडं नेऊन खोलून वाळवून चालू करून घेतली. परत द्यायला मात्र ह्यांचे पाय निघेनात. बाजारात इसार मागायला जाणं म्हणजे नाक कापून घेणं, असं त्यांना वाटत होतं. मी म्हणाले, मी येते बरोबर. मी दुकानाच्या पायरीवर बसेन, बोलणार नाही.

पायरीवर बसले, पदर कपाळापर्यंत ओढून. आत हे काहीतरी पुटपुटले. शेठचा आवाज स्वच्छ आला. “पावणं, इसार परत द्यायची रीत न्हाय. तुम्ही माल नेलात. भिजवून आनलात. बाकीचं पैसं द्या आणि घेऊन जावा.”

“मशीन चालतंय, शेठ.”

“चालतंय तर चालवा की.”

हे गप्प झाले. ते गप्प झाले की पुढं बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी उठले. उंबऱ्यात आले. कुणाकडं बघून बोलायचं म्हणून इकडंतिकडं बघितलं. ठकी नव्हती. लोखंडाचे डबे, दोऱ्या, एक तराजू, आणि शेठ. मग शेठकडंच बघितलं.

“शेठ, तुमची मोटार वाईट न्हाय,” मी म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. “आमची नाव तिच्याजोगी न्हाय. इकताना तुम्ही घोडी सांगितली. नाव केवढी, मागची फळी पान्याच्या किती वर, ह्ये इचारलं का?”

शेठ ह्यांच्याकडं बघून म्हणाले, “ह्या कोण?”

“मंडळी,” हे म्हणाले.

“आमच्या मामांनी तुमच्या दुकानात दोन्ही मोटारी उचलून बघितल्या, तवा तुमची मानसं हसली,” मी म्हणाले. “त्यांनी नावेचं इचारलं हुतं तुम्हाला. ते आता न्हाईत. पैसं त्यांच्या मालकिणीच्या पाटल्यांचं हाईत. मानसं भरून नाव गेली असती, तर इसार कुनाला परत दिला असता?”

दुकानात तराजूची कडी हलत होती तेवढाच आवाज. मी चौकट धरली. फळीसारखी.

शेठनं नोकराला खूण केली. मागच्या अंगणात पाण्यानं भरलेलं पीप होतं, त्यात मोटार टांगून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला चालू झाली. शेठ तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाले, “आजोबा गेलं व्हय? कवा?” आणि मग, “निम्मं आज देतो. ही मोटार कुनी घेतली की उरलेलं. माझं बी पैसं अडकल्यात.”

निम्मे दिले. येताना एस्टीत हे म्हणाले, “उरलेलं इसरून जा आता.” मला त्या निम्म्याची आशा होती असंही नाही. पण आत्याबाईंच्या हातातली एकच पाटली परत यावी, तसं वाटत होतं.

आता नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागली आहे. वाडीला देवळात पाणी शिरल्याची वर्दी सकाळी आली आणि लोक आलेच. ह्यांनी नाव ओढून बाभळीला बांधून टाकली. लोक चिडले. एक जण म्हणाला, “म्हातारा असता तर सोडली असती.” हे म्हणाले, “म्हातारा असता तर मलाच इथं बांधलं असतं. पाच घोड्यांना जमत न्हाय तिथं आमचं काम न्हाय.” हे वाक्य तुम्ही ठकीला सांगितलेलं. मी त्यांना सांगितलं होतं. भ्याचं मात्र सांगितलेलं नाही, ते तुमचं माझ्यापाशीच आहे.

पूर ओसरला की धाकटी घ्यायची. हे स्वतःच परवा वरची तळी फळीला टांगून, मागं बसून, रेघ बघत होते. मागची फळी सुतारानं हातभर वर चढवायची आहे. मला अजून भीती वाटते. धाकटीचीही वाटते. वाटत राहील.

दुपारी मी हे लिहीत असताना घाटाकडून हाक आली. कोल्हापूरच्या शेठचा माणूस एस्टीनं आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. मोठी मोटार एका वाळूच्या थोरल्या नावेला लागली, म्हणाला. ह्यांनी हात पुढं केला तर त्यानं मान हलवली. “शेठ म्हनालं, त्या बाईंच्याच हातात द्या.”

त्यानं दिलेला रुमाल सोडून उरलेले निम्मे मी मोजून बघितले. सगळे आहेत, मामा, पाटल्यांचे सगळे पैसे परत आले. ठकी इथंच दारात उभी आहे, पण हे तिला नाही सांगितलं. तुम्हालाच सांगते आहे.